दोन्ही मॉनिटर १०२४ × ७६८ वर अडकले आहेत (लिनक्स मिंट २२, जीफोर्स जीटी ७१०)

अक्षरजुळणी_नारायणपेठ:

नमस्कार मंडळी.

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. पुस्तके, संस्थांच्या स्मरणिका आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. कार्यालयातील एका संगणकावर विंडोज १० होते. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि त्यातील इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ (सिनॅमन डेस्कटॉपसह) बसवले. मदरबोर्ड एच-८१ चिपसेटचा आहे आणि त्यात जीफोर्स जीटी ७१० हे पंखा नसलेले ग्राफिक्स कार्ड लावलेले आहे. मॉनिटर दोन आहेत: एक १९२० × १०८० चा, एचडीएमआय केबलने जोडलेला, आणि दुसरा जुना, १६०० × ९०० चा, ज्याला केवळ व्हीजीएची सोय आहे. दोन्ही केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडल्या आहेत.

पेन ड्राइव्हवरून प्रथम सुरू करताना पडदा काळाच राहिला. त्यावर शोधल्यावर मिळालेल्या सल्ल्यानुसार ग्रबच्या (संगणक सुरू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला, तेव्हा चित्र दिसले व मिंट बसवता आले. नंतर तोच शब्द ग्रबच्या फाइलमध्ये लिहून ठेवला. आता संगणक व्यवस्थित सुरू होतो, परंतु रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या वर जात नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तेवढा एकच पर्याय दिसतो आणि मॉनिटरही एकच दिसतो. लॉगइन केल्यावर, सिनॅमन हार्डवेअरच्या मदतीशिवाय चालत असून प्रोसेसरवर जास्त भार पडेल, अशी सूचना येते.

आमच्या कामात हे चालण्यासारखे नाही. १०२४ × ७६८ चे चित्र रुंद मॉनिटरवर ताणले जाते, त्यामुळे ‘ठ’ आणि ‘ढ’ यांचे गोल अंड्यासारखे पसरट दिसतात, शिरोरेषा दुहेरी भासते, आणि अनुस्वार आहे की नुसता धब्बा आहे हे बारा पॉइंटच्या मजकुरात कळत नाही. मुद्रितशोधन पडद्यावर करणे अशक्य झाले आहे.

एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरील नवीन ड्रायव्हरची ‘डॉट रन’ फाइलही चालवून पाहिली. तिने सुरुवातीला नूव्हो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा लिनक्समधील मुक्त ड्रायव्हर) बंद करण्याची परवानगी मागितली, ती दिली, आणि पुढे हे कार्ड या आवृत्तीत समाविष्ट नाही असे सांगून ती थांबली. आता कोणता ड्रायव्हर टाकावा, की कार्डच बदलावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कर्वेरस्ता:

कार्ड बदलू नका, आणि तूर्त कोणताही ड्रायव्हर टाकूही नका. आपण दिलेल्या माहितीवरूनच बरेचसे उलगडते.

(पुढील कमांडची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत द्यावी लागतील.)

रिझोल्यूशनची तक्रार आली की पहिला सल्ला ‘ड्रायव्हर टाका’ असा मिळतो, आणि माझ्या मते निम्मी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. आधी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात: पडद्यावर चित्र काढण्याचे काम सध्या कोण करत आहे, आणि मॉनिटरची क्षमता किती आहे हे त्याला कोण सांगत आहे. पहिली बाब ड्रायव्हरची आहे. दुसरी केबल आणि मॉनिटर यांची आहे, आणि तिच्यात जगातला सर्वोत्तम ड्रायव्हरही फारसे काही करू शकत नाही. आपल्याकडे निदान पहिली बाब तरी नक्की बिघडलेली आहे.

‘नोमोडसेट’ हा शब्द कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) असे सांगतो की ग्राफिक्स ड्रायव्हरने मॉनिटरचा मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि चित्र ताजे होण्याचा वेग, स्वतः ठरवू नये. पूर्वी हे काम एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या व चित्र दाखवणारी लिनक्सची जुनी प्रणाली) करत असे. २००९ पासून, प्रथम इंटेलच्या आणि नंतर इतर कार्डांच्या बाबतीत, ते कर्नलकडे आले. नूव्हो, इंटेल आणि एएमडी यांचे आजचे मुक्त ड्रायव्हर त्याच सोयीवर उभे आहेत, त्यामुळे हा शब्द असेल तर ते कामच सुरू करत नाहीत. मग संगणक सुरू होताना फर्मवेअरने जे चित्र उभे करून दिलेले असते, त्याच चौकटीत लिनक्सला भागवावे लागते. तिथे रिझोल्यूशनची यादी नसते, दुसरा मॉनिटर स्वतंत्रपणे दिसत नाही, आणि सगळे चित्रण प्रोसेसरच करतो. सिनॅमनची सूचना नेमके हेच सांगत आहे. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ (प्रोसेसरवरच चित्र काढणारे सॉफ्टवेअर) असे दिसले तर याची खात्रीच पटेल.

काळा पडदा आल्यावर तो शब्द वापरणे योग्यच होते. मात्र तो मिंट बसवण्यापुरता आणि पहिली अद्यतने होईपर्यंतच ठेवायचा असतो.

तो कायमचा काढण्यापूर्वी एकदाच काढून पाहा. संगणक सुरू होताना ग्रबचा मेनू आणा (जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट, यूईएफआयवर एस्केप), मिंटच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या लांब ओळीतून तेवढा शब्द खोडा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. पडदा पुन्हा काळा पडला तर संगणक बंद करून सुरू करा. सर्व पूर्ववत असेल.

आपल्याबाबत आणखी एक अडथळा संभवतो. त्या ‘डॉट रन’ फाइलने नूव्हो बंद करण्याची परवानगी घेतली, म्हणजे तिने ‘मोडप्रोब-डॉट-डी’ या फोल्डरमध्ये नूव्होला काळ्या यादीत टाकणारी एक छोटी फाइल तयार केली असणार. पुढची स्थापना फसली तरी ही फाइल मागे राहते. त्या नावाचे फोल्डर ‘इटीसी’मध्येही असते आणि ‘यूएसआर’च्या ‘लिब’मध्येही, दोन्हींत शोधा. फाइलच्या नावात ‘एनव्हिडिया-इन्स्टॉलर-डिसेबल-नूव्हो’ असे शब्द असतील. ती काढून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही कमांड (ती संगणक सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या सुरुवातीच्या फाइलींचा संच नव्याने बनवते) ‘यू’ पर्यायासह चालवा आणि त्यानंतरच वरची चाचणी करा. अन्यथा नोमोडसेट काढूनही नूव्हो सुरू होणार नाही, आणि आपला असा समज होईल की उपायच चुकीचा होता.

चाचणी झाल्यावर ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘के’ पर्यायासह द्या आणि जीटी ७१० च्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत काय लिहिले आहे ते इथे कळवा. ती ओळच नसेल, तर कार्ड कोणत्याही ड्रायव्हरच्या ताब्यात नाही असे समजावे.

मुळशीकर:

कर्वेरस्ता यांच्या निदानाशी सहमत आहे, पण नूव्होवर थांबावे असे मला वाटत नाही. जीटी ७१० ची चिप केपलर पिढीची आहे आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० ही मालिका त्या पिढीला चालणारी शेवटची मालिका आहे. संकेतस्थळावरून नवीन फाइल घेतली तर ती हे कार्ड नाकारणारच. मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये जाऊन तिथे सुचवलेली ४७० ची आवृत्ती निवडावी. त्या मार्गाने डीकेएमएस ही सोय आपोआप येते आणि तिच्यामुळे कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधला जातो, जे ‘डॉट रन’च्या मार्गाने सहसा होत नाही.

सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ नोंदवलेल्या किल्लीने सही केलेले सॉफ्टवेअर चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर स्थापनेच्या वेळी एक पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीवर किल्ली नोंदवण्याचा मेनू येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. पुष्कळ लोक घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात. मग ड्रायव्हर बसलेला दिसतो पण कर्नल तो स्वीकारत नाही, आणि पुन्हा तेच १०२४ × ७६८ समोर येते. तो मेनू थोडा वेळच थांबतो, तेव्हा त्या वेळी चहा घ्यायला उठू नये.

कर्वेरस्ता:

मुळशीकर यांची माहिती बरोबर आहे. माझा मतभेद गरजेविषयी आहे. ४७० ही मालिका एनव्हिडियाने जुन्यांत काढलेली आहे. कर्नल पुढे सरकत राहतो आणि असा बंद साच्यातील ड्रायव्हर त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी वितरणाच्या लोकांना दर वेळी ठिगळे लावावी लागतात. एखाद्या अद्यतनानंतर ठिगळ वेळेवर आले नाही तर डीकेएमएसचे बांधकाम फसते आणि सकाळी कार्यालय उघडल्यावर पुन्हा लहान पडदा दिसतो. दिवाळी अंकाच्या धांदलीत हे कोणाला परवडेल? ज्यांना खेळ खेळायचे आहेत किंवा त्रिमितीय काम करायचे आहे, त्यांनी तो धोका पत्करावा. स्क्रायबस, इंकस्केप आणि लिबरऑफिस यांना नूव्हो पुरेसा आहे, आणि तो कर्नलचाच भाग असल्याने वेगळा सांभाळावा लागत नाही.

किंबहुना त्याहून सोपा मार्ग म्हणजे कार्डच काढून ठेवणे. आपल्या प्रोसेसरमध्ये इंटेलचे स्वतःचे ग्राफिक्स असणार, आणि एच-८१ चिपसेट एका वेळी दोन मॉनिटर चालवू शकतो. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन्ही तोंडे असतील तर दोन्ही केबल तिथे लावून पाहण्यास काहीच हरकत नाही. अर्थात नोमोडसेट तिथेही काढावाच लागेल. तो शब्द कार्डाची कंपनी पाहत नाही.

अक्षरजुळणी_नारायणपेठ:

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे ‘यूएसआर’मधील फोल्डरात ती फाइल सापडली. ती काढली, इनिटरॅमएफएस नव्याने बनवले आणि ग्रबमध्ये एकदाच नोमोडसेट खोडून पाहिला. संगणक विनासायास सुरू झाला. मध्यंतरी सर्व अद्यतने झालेली होती, त्याचाही उपयोग झाला असावा. एलएसपीसीआयमध्ये आता ‘नूव्हो’ असे दिसते, सिनॅमनची सूचना गेली आणि एचडीएमआयचा मॉनिटर १९२० × १०८० वर आला. अक्षरे पुन्हा अक्षरांसारखी दिसू लागली. म्हणून ग्रबच्या फाइलमधूनही तो शब्द काढला आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवले.

परंतु व्हीजीएचा जुना मॉनिटर आता वेगळा दिसत असला तरी अजूनही १०२४ × ७६८ वरच आहे. यादीत त्याच्या वरचा आकडा नाही आणि त्याचे नावही येत नाही. ड्रायव्हर तर दोघांना एकच आहे. मग ४७० टाकून पाहावा का?

बुधवारपेठ_सोल्डर:

नको. आकडा तोच असला तरी आता कारण दुसरे आहे, आणि वर ज्या दोन बाबी वेगळ्या सांगितल्या आहेत त्यांपैकी ही दुसरी.

प्रत्येक मॉनिटरच्या आत एका छोट्या मेमरी चिपमध्ये त्याची ओळख साठवलेली असते: बनवणारी कंपनी, मॉडेल, पडद्याची मापे आणि त्याला चालणारे मोड. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो. ग्राफिक्स कार्ड ती माहिती केबलमधील दोन वेगळ्या तारांवरून वाचते. चित्राचे लाल, हिरवे व निळे हे संकेत निराळ्या तारांवरून जातात, त्यामुळे ओळखीच्या तारा तुटलेल्या असल्या तरी चित्र उत्तम दिसू शकते. अशा वेळी लिनक्सच्या कर्नलला मॉनिटर जोडला आहे एवढेच समजते, आणि कोणत्याही मॉनिटरला सोसेल अशा बेताने तो १०२४ × ७६८ पर्यंतचेच मोड देतो. आपल्या यादीतील वरचा आकडा तिथून आला आहे. मॉनिटरचे नाव न दिसणे ही त्याचीच खूण आहे.

खात्री करून घ्या. ‘सिस’ फोल्डरमधील ‘क्लास’ आणि त्यातील ‘डीआरएम’ या फोल्डरात प्रत्येक तोंडाचे एक फोल्डर असते. ज्याच्या नावात ‘व्हीजीए’ आहे त्यातील ‘ईडीआयडी’ ही फाइल ‘कॅट’ने वाचून ‘डब्ल्यूसी’कडे ‘सी’ पर्यायासह पाठवा, म्हणजे बाइटची संख्या मिळेल. इथे एक चकवा आहे: ‘एलएस’ने पाहिले तर या फाइलचा आकार नेहमीच शून्य दिसतो, मग आत माहिती असो वा नसो. त्यामुळे ती वाचूनच मोजावी लागते. एचडीएमआयच्या फाइलमध्ये बहुधा २५६ बाइट मिळतील. व्हीजीएच्या फाइलमध्ये शून्य मिळाले तर दोष केबलचा किंवा मॉनिटरच्या तोंडाचा आहे, आणि मी केबलवर पैज लावीन.

व्हीजीएच्या प्लगमध्ये पाच-पाचच्या तीन ओळी, म्हणजे पंधरा पिना असतात. ओळखीची माहिती बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून जाते. अर्थात तिसऱ्या ओळीतील दुसरी आणि शेवटची. केबलचे टोक उजेडात धरून पाहा. स्वस्त केबलमध्ये या पिना मुळातच नसतात, आणि असल्या तरी आतून तार ओढलेली नसते. दुरुस्तीला आलेल्या केबलमध्ये मी हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. कधी घाईने प्लग खुपसल्यामुळे पिन आडवी झालेली असते, ती बारीक चिमट्याने सरळ करता येते. नववी पिन नसेल तर लगेच घाबरू नका. ती पाच व्होल्टची असते आणि मॉनिटर चालू असताना तिच्यावाचून सहसा अडत नाही. मल्टीमीटर असेल तर दोन्ही टोकांच्या बाराव्या पिनांवर आणि मग पंधराव्या पिनांवर बीप वाजतो का ते पाहणे हा निकाल लावण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

केबल आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर तापकीर गल्लीत मिळेल. दुकानदाराला ‘पंधराही पिनांची, पूर्ण वायरिंगची’ असे स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर तिथेच बीप लावून घ्या.

मुळशीकर:

केबल येईपर्यंत काम अडू नये म्हणून मोड हाताने देता येतो. ‘सीव्हीटी’ या कमांडला १६००, ९०० आणि ६० हे आकडे दिले की ती ११८.२५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारी मोडलाइन, म्हणजे त्या मोडच्या आकड्यांची ओळ, छापते. ती जशीच्या तशी ‘एक्सरँडर’च्या ‘न्यूमोड’ पर्यायाला द्यायची, मग ‘ॲडमोड’ने ती व्हीजीएच्या तोंडाला जोडायची आणि शेवटी ‘आउटपुट’ व ‘मोड’ हे पर्याय देऊन ती लागू करायची. व्हीजीएच्या तोंडाचे नेमके नाव एक्सरँडर नुसते चालवल्यावर दिसते.

बुधवारपेठ_सोल्डर:

हा मार्ग चालेल, त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लॉगआउट केल्यावर हा मोड विसरला जातो, म्हणून त्या तीन ओळी स्वतःच्या होम फोल्डरातील ‘डॉट एक्सप्रोफाइल’ या फाइलमध्ये लिहाव्या लागतात. मिंटचे सिनॅमन नेहमीच्या सत्रात एक्सऑर्गवर चालते म्हणून हे शक्य आहे. वेलँडवर (एक्सऑर्गची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीवर) एक्सरँडर मोड बदलू शकत नाही, आणि उबंटूने तर २५.१० पासून नोमचे एक्सऑर्ग सत्र काढूनच टाकले आहे, त्यामुळे ज्यांचे वितरण ते असेल त्यांनी या वाटेने वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी उपाय म्हणजे तोच मॉनिटर चांगल्या केबलने कुठेतरी जोडून त्याचे १२८ बाइट एका फाइलमध्ये उतरवून घेणे आणि ‘ईडीआयडी-फर्मवेअर’ या कर्नल पर्यायाने ती फाइल कर्नलला पुरवणे. अर्थात एवढी यातायात करण्याऐवजी केबल आणणे परवडते.

तिसरी गोष्ट १९२० × १०८० च्या मॉनिटरसाठी इतर कोणी हाच मार्ग अवलंबणार असेल त्यांच्यासाठी आहे. सीव्हीटी त्या मापाला १७३ मेगाहर्ट्झचा मोड देते, तर एका लिंकच्या डीव्हीआयची आणि जुन्या एचडीएमआयची मर्यादा १६५ आहे. मग ॲडमोड बिनतक्रार होतो आणि पडदा मात्र काळा पडतो किंवा मोड नाकारला जातो. सपाट पडद्यांना जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरइतका चित्राच्या दोन ओळींमधला रिकामा वेळ लागत नाही, म्हणून सीव्हीटीला ‘आर’ हा पर्याय द्यावा. तोच मोड १३८.५ मेगाहर्ट्झमध्ये बसतो.

अक्षरजुळणी_नारायणपेठ:

व्हीजीएच्या फाइलमध्ये खरोखरच शून्य बाइट मिळाले. केबलचे टोक पाहिले तर तिसऱ्या ओळीत बाराव्या पिनेच्या जागी नुसते भोक आहे. ही केबल मॉनिटरबरोबर आलेली नव्हती. टेबल हलवले तेव्हा लांब हवी म्हणून नंतर घेतलेली होती. विंडोजवर हा प्रश्न का आला नाही, असे मनात आले, पण तेव्हा दुसरा मॉनिटर मूळच्या आखूड केबलवर होता हे आमच्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिले. ती आखूड केबल कपाटात सापडली. ती लावल्यावर मॉनिटरचे नाव आले, १२८ बाइट आले आणि १६०० × ९०० आपोआप निवडले गेले. मोडलाइन लिहिण्याची वेळच आली नाही. ४७० चा विचार सोडून दिला आहे.

एक किरकोळ शंका उरली आहे. एचडीएमआयच्या मॉनिटरवर चारही बाजूंनी थोडे चित्र कापले जाते आणि खालच्या पॅनेलची निम्मी पट्टीच दिसते. रिझोल्यूशन मात्र १९२० × १०८० बरोबर दाखवत आहे. हेही ड्रायव्हरचेच का?

कर्वेरस्ता:

नाही. एचडीएमआयवर तो मोड आला की काही मॉनिटर स्वतःला टीव्ही समजतात आणि कडा कापून चित्र थोडे मोठे करतात. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘ओव्हरस्कॅन’ बंद करण्याचा किंवा ‘जस्ट स्कॅन’, ‘वन टू वन’ अशा नावाचा पर्याय शोधा. काहींत इनपुटचा प्रकार ‘पीसी’ असा निवडावा लागतो. मेनूत तसे काहीच सापडले नाही, तर एक्सरँडरला ‘प्रॉप’ पर्याय देऊन एचडीएमआयच्या तोंडाखाली ‘अंडरस्कॅन’ हा गुणधर्म दिसतो का ते पाहा. नूव्हो तो पुरवतो. परंतु त्याने चित्र आकसून बसवले जाते आणि अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतात. आपले काम मुद्रितशोधनाचे असल्यामुळे मॉनिटरच्या मेनूतूनच प्रश्न सुटला तर उत्तम.